पळसाच्या पानांचे सुभानराव

माणूस बारा वर्षे दिसला नाही की मेला, असे शास्त्र सांगते. शास्त्राला काय जाते सांगायला! कुंकू पुसायचे असते ते कुसुमावतीला.

तिचे यजमान हंबीरराव सरकारी पागेसाठी घोडे खरेदी करायला काठेवाडात गेले, ते गेलेच. घोडे आले, सोबतचे स्वार आले, हंबीरराव तेवढे आले नाहीत. कोणी म्हणे वाटेत तापाने गेले, कोणी म्हणे साधूंच्या मेळ्यात दिसले. प्रेत कोणी पाहिले नाही. पहिली दोन वर्षे कुसुमावती रडली. मग रडणे आपोआप थांबले आणि त्याच्या जागी दुसरे काहीच आले नाही. जेवायची, निजायची, सणाला हिरवे लुगडे नेसायची. कशी आहेस विचारले तर "बरी" म्हणायची, आणि ते काही खोटे नव्हते.

यंदा बारा वर्षे भरली. धाकटे दीर जयवंतराव म्हणाले, "वहिनीसाहेब, सर्वपित्रीला पालाशविधी उरकून घेऊ." म्हणजे पळसाच्या पानांचा माणूस करायचा, त्याला हंबीररावांचे नाव द्यायचे आणि अग्नी द्यायचा. "दादांना गती मिळेल. आमच्या लेकीची, अहल्येची, सोयरीकही अडून बसली आहे. सोयरे विचारतात, थोरले आहेत की नाहीत? काय सांगायचं त्यांना?"

"बरं," कुसुमावती म्हणाली. तिला खरोखर काही वाटले नाही. याचेच जरा नवल वाटले.

जयवंतराव माणूस वाईट नव्हते, हौशी होते. त्याच सुमारास त्यांनी घराण्याचा इतिहास छापायचे मनावर घेतले होते. इतिहासात नायक एकच: खापरपणजोबा सुभानराव, ज्यांनी सोनगडच्या सरहद्दीवर, भर रानात, वस्ती वसवली आणि पुन्हा बडोद्याचे तोंड पाहिले नाही. "घरच्या सुखावर लाथ मारून गेले!" असे जयवंतराव येईल त्याला ऐकवत. पण जुने कागद सगळे मोडीत, आणि मोडीच्या नावाने जयवंतरावांचा आनंदच! कुसुमावतीचे वडील फौजेच्या कचेरीत कारकून. त्यांनी लेकीला मोडी शिकवली होती. म्हणून रुमालात बांधलेले कागदांचे गठ्ठे तिच्यापुढे येऊन पडले. हिने वाचायचे, बालबोधीत उतरवून द्यायचे.

तिने उतरवले. सुभानराव स्वारीबरोबर सोनगडापलीकडे गेले आणि नाहीसे झाले. पुढचा कागद बारा वर्षांनंतरचा. ठावठिकाणा नाही, सबब भावांनी पळसाच्या पानांचा देह करून दहन केले. बायको कौशल्या, तिच्या बांगड्या फोडल्या. वाटण्या झाल्या.

त्यापुढचा कागद मात्र खुद्द सुभानरावांच्या हातचा, भावांना लिहिलेला होता.

'जखमी होऊन पडलो, येथील लोकांनी जगवले. घराची ओढ लागली म्हणून दारी आलो. तुम्ही दाराआडून म्हणालात, दादा, तुमचे दहन झाले, आता घरात कसे घ्यावे. बरे. माघारा आलो. रान तोडून चार खोपटी उभी केली आहेत. येथे मला कोणी मेलेला म्हणत नाही. कौशल्येस सांगू नये.'

कुसुमावतीने तो कागद पुन्हा वाचला. छातीत काहीतरी हलले. राग असावा, इतक्या वर्षांत त्याची ओळख राहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी शहरातल्या मांडवीकडून दीनानाथभट विधीची तयारी सांगायला आले. तिने पदर सावरून विचारले, "भटजीबुवा, असा जाळलेला माणूस परत आला तर?"

"शास्त्रात सोय आहे की," भटजी खुशीत म्हणाले. "तुपाने भरलेल्या रांजणात बसवायचा. बाहेर निघाला की नवा जन्म. मग बारशापासून सगळे संस्कार पुन्हा, आणि लग्नही पुन्हा त्याच बायकोशी."

"मग सुभानरावांसाठी कुणी रांजण का नाही भरला?" ती म्हणाली, आणि तिने तो कागद मोठ्याने वाचून दाखवला.

शेजारी बसलेल्या जयवंतरावांचा चेहरा उतरला. "हे छापायचं नाही हं, वहिनीसाहेब."

"नका छापू. एवढंच सांगा भाऊजी, सर्वपित्री झाली आणि हे दारात उभे राहिले, तर तुम्ही तूप आणाल की कडी लावाल?"

जयवंतरावांनी भटजींकडे पाहिले, मग जमिनीकडे. अहल्या, सोयरे, लोक काय म्हणतील, सगळे त्यांच्या तोंडावर दिसत होते.

"जयवंता," भिंतीला टेकून माळ ओढत बसलेल्या त्यांच्या आई जिजाबाई म्हणाल्या, "एवढ्याचं उत्तर द्यायला एवढा वेळ? विधी होणार नाही. या घरानं एकदा जिता माणूस जाळला तेवढा बास."

"आणि सोयऱ्यांना काय सांगू, आईसाहेब?"

"सांग, थोरला गावाला गेलाय. खोटं थोडंच आहे!"

भटजी दक्षिणा बुडाल्याच्या तोंडाने चालते झाले. कुसुमावतीचे कुंकू राहिले. आता आनंद होईल म्हणून ती वाट पाहत होती. तो काही आला नाही.

संध्याकाळी जिजाबाईंनी तिला जवळ बसवून घेतले. त्यांचे डोळे मोतीबिंदूने गेलेले. चाचपडत त्यांनी तिचा हात धरला. "राखलास गं माझ्या लेकाला. मेली मी आई असून त्याला विसरत चाललेय. रूपच समोर येत नाही. तुझ्या तर डोळ्यांपुढे असेल सारखा. सांग ना, गालावरचा तीळ कुठल्या बाजूला होता त्याच्या?"

कुसुमावतीने डोळे मिटले. जोड्यांची करकर आठवली, अंगरख्याला येणारा घोड्याचा वास आठवला, हाक आठवली. चेहरा आठवेना. तिने पुन्हा प्रयत्न केला. आईसाहेब तोंडाकडे कान लावून बसल्या होत्या.

"उजव्या," ती म्हणाली.

"मला वाटत होतं डाव्या," जिजाबाई म्हणाल्या. "पण तुलाच ठाऊक, बाई."