यानाचा आवाज

अंतराळयानाची 'ध्रुवापार' ही टीव्ही मालिका दोनदा बंद पडली, दोनदा पुन्हा सुरू झाली, कृष्णधवलची रंगीत झाली, तिचे कप्तान चार वेळा बदलले. बदलला नाही तो फक्त यानाचा आवाज. हा आवाज बाबांचा. त्यांचा चेहरा पडद्यावर कधी आला नाही, पण कोपऱ्यावरचा न्हावीसुद्धा त्यांना 'यानकाका' म्हणायचा आणि म्हातारा खूश होऊन जायचा.

यंदा वाहिनीने सगळे भाग पहिल्यापासून दाखवायला काढले. जुन्या फिती तपासल्या, तर पहिल्या पर्वाचा शेवटचा प्रसंग मुका निघाला. यान प्रवाशांचा निरोप घेतं, नेमका तोच. बाबांचा मुलगा त्याच वाहिनीत ध्वनिमुद्रक. त्याने छाती फुगवून साहेबांना सांगितलं, आवाज घरचाच आहे, उद्या घेऊन येतो.

बाबा कडक इस्त्रीचा सदरा घालून आले. काचेपलीकडे माइकसमोर उभे राहिले आणि पहिल्याच वाक्याला आवाज चिरकला. दुसऱ्या वाक्याला दम पुरेना. मुलाने तरीही सगळं म्हणून घेतलं, झकास झालं म्हणाला आणि त्यांना गाडीत बसवून दिलं. खरं सांगायची हिंमत नव्हती. दुपारी त्याने गुपचूप एका नकलाकाराला बोलावलं. गडी पट्टीचा, तासाभरात हुबेहूब काम करून गेला. श्रेयनामावलीत नाव बाबांचंच राहिलं. आपण बापाची अब्रू राखली, अशी मुलाने स्वतःची समजूत घातली.

प्रसारणाच्या संध्याकाळी बाबांनी नव्याने दिलेला आवाज ऐकायला घर माणसांनी भरलं. यान बोलू लागलं, "घरी पोहोचलात की खिडकीत दिवा लावा. मला इथून दिसेल." आत्याने डोळे पुसले. शेजारी म्हणाले, काकांचं वय नुसतं कागदावर वाढलंय. आई तर फुलून गेली होती, जो आत येईल त्याला बाबांकडे बोट दाखवत होती. बाबा हसून सगळ्यांच्या शाबासक्या घेत होते.  मुलाला मात्र धरणीने पोटात घ्यावं असं झालं होतं.

मंडळी पांगली, आई कपबशा घेऊन आत गेली. आता सांगून टाकायचंच, म्हणून मुलगा बाबांसमोर बसला.

"बाबा, तो आवाज..."

"पहिल्याच शब्दाला कळलं," बाबा म्हणाले. "माझा आवाज मला कळणार नाही होय?"

मुलाने माफी मागायला तोंड उघडलं, तर बाबांनीच त्याचा हात धरला. त्यांनी स्वयंपाकघराकडे एकदा पाहिलं.

"मी तिथल्या तिथे सांगायला हवं होतं रे. पण सगळे एवढं कौतुक करत होते, जीभच रेटली नाही. तुझ्या आईला कळू देऊ नकोस, एवढं कर माझ्यासाठी."

बोलताना त्यांची नजर जमिनीवर होती. बापाला मान खाली घातलेलं मुलाने उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं, आणि ती त्यानेच घालायला लावली होती. तो नुसतं "हो" म्हणाला.