त्या सिनेमाला वीज माझी होती

मी अब्बासभाईंचा जनरेटर बोलतोय. एरवी माझं बोलणं म्हणजे नुसती घरघर, त्यामुळे माझ्याजवळ कोणी बसत नाही. लोकांना उजेड हवा असतो, आवाज नको असतो. मग मला घरामागे, गोठ्याआड कुठेतरी ठेवतात आणि लांब वायर ओढून पुढच्या अंगणात मजा करतात. वायरच्या दुसऱ्या टोकाला काय चाललंय ते मला दिसत नाही. आयुष्यभर असंच चाललं आणि त्याचं मला कधी वाईटही वाटलं नव्हतं.

माझा जन्म जपानातला, पण उमेदीची वर्षं गेली मस्कतच्या वाळूत. तिथे एका बांधकामावर अब्बासभाई माझी देखभाल करायचे. कंपनीनं काम आटोपतं घेतलं तेव्हा साहेबाच्या मागे लागून त्यांनी मला मागून घेतलं. गल्फहून येणारे लोक टेपरेकॉर्डर आणतात, अत्तर आणतात. हे मला घेऊन महाडजवळच्या आपल्या गावी, तुडीलला आले. नुरजहाँभाबींनी खोका उघडला, मला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "एवढ्या लांबून लोखंड आनलंत? माज्यासाठी काय हाय?"

तुडीलला सावित्री नदीच्या काठी पावसाळ्यात लाईट गेली की चार-चार दिवस यायची नाही. त्यामुळे माझा भाव लगेच वधारला. रमजानात मशिदीत मी, निकाह कोणाचाही असो मंडपामागे मी. आणि मे महिन्यात, चाकरमानी मुंबईहून आले की, वरच्या वाडीच्या सत्यनारायणाला मी.

ही वरची वाडी म्हणजे डोंगरावरची पंचवीस-तीस हिंदू घरं. तिथले गोमाजी हे अब्बासभाईंचे पोरपणापासूनचे दोस्त. दोघांनी सावित्रीत कोलंबी धरली, दोघांनी एकाच मास्तरांचा मार खाल्ला. मला न्यायला गोमाजी स्वतः यायचे. मला बांबूला बांधायचे, चौघं खांदा द्यायचे आणि चढ चढता चढता माझ्या वजनावरून अब्बासभाईंना शिव्या घालायचे. वर पोचलो की गोमाजींच्या बायको चंद्राबाई मला हळदकुंकू लावायच्या, वर एक फूल. मी परत आलो की नुरजहाँभाबी रॉकेलच्या बोळ्यानं ते पुसायच्या आणि हसून म्हणायच्या, "चंद्रानं परत याचं लगीन लावलंन."

चंद्राबाईंचा स्वभावच तसा होता. पूजेच्या संध्याकाळी अंगणात टीव्ही ठेवून देवादिकांचा सिनेमा लावायचा हा वाडीचा रिवाज. पडद्यावर देव आले की त्या पदर डोक्यावर घेऊन उठायच्या, टीव्हीला हार घालायच्या, आरती ओवाळायच्या. तो नट आहे, मुकुट पुठ्ठ्याचा आहे, हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. पण समोर देव म्हणून आला तर हात जोडायचे, एवढं साधं त्यांचं गणित. अब्बासभाईंना हे माहीत होतं. ज्याचा त्याचा भाव, म्हणायचे आणि माझ्यात रॉकेल ओतायचे.

मग ते वर्ष आलं. बाहेरदेशी कोणीतरी एक सिनेमा काढला होता आणि त्यात मुसलमानांच्या एका नबींचं, म्हणजे प्रेषितांचं, काम नटानं केलं होतं. मुसलमानांत नबींचं चित्रसुद्धा काढत नाहीत, मग सोंग घेणं दूरच. हिंदीत आवाज भरलेल्या त्याच्या सीडी मुंबईत गुपचूप विकल्या जात होत्या. महाडला जुम्म्याच्या नमाजनंतर सभा झाली, तहसीलदारांना निवेदन गेलं. हा सिनेमा कोणी बघायचा नाही, दाखवायचा नाही, असं ठरलं.

त्या दिवशी अब्बासभाईंच्या पडवीत चांगलीच जुंपली. मी कोपऱ्यात होतो, सगळं ऐकलं. मुलगा ताबिश कुवेतहून सुट्टीवर आला होता. तो म्हणाला, "निवेदनानं काय होतंय अब्बा? केस टाकायला पायजे. दुसरा कोणी असता तर गप बसला असता काय?"

मुलगी अम्बरीन महाडच्या कॉलेजात शिकत होती. ती म्हणाली, "पण आपल्यातल्या एकानं तरी तो बघितलाय का? न बघता कसं बोलायचं?"

"बघून मग काय करायचं?" अब्बासभाई म्हणाले. "डोळे धुऊन निघतात काय?"

नुरजहाँभाबी भाकऱ्या थापत होत्या. त्या आतूनच म्हणाल्या, "बनवनाऱ्याची नियत अल्लाला ठावं. तुमी हात धुवा आनि जेवायला या."

पुढच्याच आठवड्यात गोमाजी मला न्यायला आले. चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं. म्हणाले, "अब्बास, यंदा निसता जनरेटर देऊन चालायचा नाय. तू सोता वर यायचं, ताबिशला घेऊन. तुज्यासाठी येक गंमत हाय."

"कसली रे गंमत?"

"सांगितली तर गंमत कसली?"

अब्बासभाई गेले. मला नेहमीसारखं घरामागे ठेवलं. पुढे काय घडलं ते मी त्या घरातल्या बायकांच्या तोंडून नंतर ऐकलं, म्हणून सांगू शकतो.

गोमाजींच्या मनात कित्येक वर्षं एक गोष्ट सलत होती. हा माणूस आपल्या देवाच्या सिनेमाला दरवर्षी वीज देतो, आणि याच्या देवाचं आपण कधी काही लावलं नाही. म्हणून त्यांनी मुंबईत नोकरीला असलेल्या मुलाला, किशोरला, निरोप धाडला होता की मुसलमानांच्या धर्माचा एक चांगला सिनेमा घेऊन ये. दुकानदारानं काउंटरखालून काढून दिला, तेव्हा तरी किशोरला शंका यायला हवी होती. पण त्याला वाटलं, मागणी जास्त असेल.

पूजा झाली. दिवेलागणीला टीव्ही मांडला. अब्बासभाईंना पुढच्या खुर्चीत बसवलं, ताबिश मागे उभा राहिला. सिनेमा सुरू झाला, पांढऱ्या कपड्यातला, दाढीवाला नट आला, आणि गोमाजींनी अब्बासभाईंचा हात दाबला. "बघ. तुजं देव."

चंद्राबाई उठल्या. टीव्हीला हार घातला, तबक ओवाळलं, पोरांना हात जोडायला लावले. सगळी वाडी एका मुसलमानाच्या मानासाठी हात जोडून उभी होती. याहून मोठं प्रेम त्यांच्याकडे नव्हतं. आणि याहून मोठा घाव अब्बासभाईंना दुसऱ्या कोणी घालूच शकलं नसतं.

ते उठून मागे आले. माझ्यासमोर उभे राहिले. बटणावर हात ठेवला, पण दाबेनात. मस्कतपासून ओळखीचा तो हात असा कधी अडला नव्हता. ताबिश मागोमाग आला. "अब्बा, बंद करा."

"गोमाला काय वाटंल?"

"आनि तिकडं अल्लाला काय उत्तर देनार? आपल्या विजेवर चाललंय ते."

अब्बासभाईंनी डोळे मिटले आणि मला बंद केलं.

वायर एकच होती. टीव्ही गेला, तसा पूजेचा दिवा गेला, तशी चुलीकडची ट्यूबही गेली. तिथे किशोरची बायको सोनाली प्रसादाच्या भाताची पेज काढत होती. अंधारात टोप कलंडला आणि उकळती पेज तिच्या दोन्ही पायांवर आली. तिची किंकाळी ऐकताच अब्बासभाईंनी माझी दोरी ओढली. मी पहिल्या झटक्याला चालू झालो. उजेड आला, आणि सगळे एकमेकांकडे बघू लागले.

"पूजेत अंधार करायला आला होतात?" किशोर ओरडला.

"आमच्या नबींचं सोंग लावलंत, त्याला ओवाळलंत, आनि वर आमाला इचारता?" ताबिश म्हणाला.

"तुमच्याच मानासाठी लावला होता!"

"असला मान नको आमाला."

अब्बासभाई ताबिशला आवरत होते आणि सोनालीला खाली घेऊन चला, जीप उभी आहे, असं पुन्हा पुन्हा सांगत होते. अब्बासभाईंची ही जीप एरवी रेल्वेच्या वीर स्टेशनच्या फेऱ्या मारायची, वाडीतली निम्मी माणसं तिच्यातून उतरूनच घरी आली होती. पण किशोर बायकोला पाठीवर घेऊन तिच्या उघड्या दारावरून पुढे गेला आणि रस्त्यावर एक टेम्पो थांबवून महाडला गेला. गोमाजी मुलाच्या मागे धावत होते. जीपजवळ ते क्षणभर थांबले, अब्बासभाईंकडे बघितलं आणि मुलामागे निघून गेले.

आठवडा उलटायच्या आत दोन गोष्टी गावोगाव पोचल्या. एका बाजूला पोचलं की मुसलमानांनी पूजा उधळली आणि सुनेच्या अंगावर उकळतं पाणी टाकलं. दुसऱ्या बाजूला पोचलं की वाडीनं अब्बासला मुद्दाम बोलावून, पुढे बसवून, तो सिनेमा दाखवला. माणसांना खरं सांगायला वेळ लागतो, असलं काही सांगायला मात्र ती कामधंदा सोडून बसतात. मला चीड येते ती याचीच.

मी वाडीवरच पडून राहिलो. अब्बासभाई म्हणत असतील, ते आणून देतील. गोमाजी म्हणत, तो न्यायला येईल. दोघांनाही माझ्या निमित्तानं समोरच्याचा पहिला शब्द ऐकायचा होता. गोठ्यात माझ्यावर कोंबड्या बसायला लागल्या.

पावसाच्या तोंडाला नुरजहाँभाबी एकट्या चढून वर आल्या. सोनालीच्या पायांसाठी मलम घेऊन आल्या होत्या. गोठ्याला लागून असलेल्या पडवीत त्यांनी तिचे पाय मांडीवर घेतले. चंद्राबाई रडत म्हणाल्या, "भाबी, आमाला ठावं नव्हता गो. आमच्यात देव दिसला तर पुन्य लागतं."

"मला कळतंय चंद्रा. तुमच्या मनात वाईट नव्हता, त्यांना पन कळतंय."

"मग अब्बासदादा वर का येत नायत?"

भाबींनी दुसऱ्या पायाला मलम लावायला घेतलं. मग म्हणाल्या, "नमाजला उभे ऱ्हायले की त्यांना त्या नटाचं तोंड दिसतं. नबींचं नाव घेतलं की तोच उभा ऱ्हातो. कपाळ टेकून सजद्यात रडतात. म्हनतात, इतकी वर्सं माज्या मनात नुसता नूर होता, नुसता उजेड, कोनाचं तोंड नव्हतं. आता हा बसलाय, निघत नाय."

गोठ्यात माझ्याशेजारी गोमाजी बैलाला वैरण घालत होते. त्यांच्या हातातली पेंढी तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बांबूला बांधलं. तरण्या पोरांतलं कोणी खांदा द्यायला आलं नाही. शेवटी म्हातारा धोंडू आला, आणि दोघं मला घेऊन धापा टाकत तुडीलला उतरले. अब्बासभाई पडवीत होते. ते उठले, मला उतरवायला हात लावला. मग दोघं पायरीवर बसले, धोंडू लांब विडी ओढत बसला.

गोमाजी म्हणाले, "ते तोंड कसं पुसायचं सांग मला. काय करू, सांग. आय शप्पत करतो."

"तुला नाय पुसता येनार, गोमा."

"मग मला मार. शिव्या दे."

"तेच तर होत नाय रे," अब्बासभाई म्हणाले. "दुसऱ्या कोनी केलं असतं तर शिव्या देऊन मोकळा झालो असतो. तू मायेनं केलंस. तुज्यावर रागवता येत नाय, म्हनून ते जात पन नाय. तुला बघितलं की तुज्या अंगनातला तो टीव्ही दिसतो. थोडे दिस नको येऊस."

गोमाजी मान हलवून उठले. थोडे दिवस म्हणजे किती, हे त्यांनी विचारलं नाही, आणि अब्बासभाईंनी सांगितलं नाही. त्या थोड्या दिवसांची वर्षं झाली.

माझ्याकडे बघवेना म्हणून अब्बासभाईंनी मला पोलादपूरच्या मंडपवाल्या रावजीला देऊन टाकलं. मी त्याच्याकडे लग्नांना गेलो, उरुसांना गेलो, जत्रांना गेलो. कुठे माणसं प्रेमाचं बोलत होती, कुठे एकमेकांच्या धर्माचा उद्धार करत होती. मी मागे उभा राहून सगळ्यांना सारखीच वीज पुरवली. कुठे आवाज चढला की मला धडकी भरायची, एवढंच.

एका संध्याकाळी रावजीनं मला घाईनं टेम्पोत चढवलं. उतरवलं ते अब्बासभाईंच्या अंगणात. ते गेले होते, आणि गावात लाईट नव्हती. या वेळी बल्ब माझ्या डोक्यावरच टांगला होता, त्यामुळे मला सगळं दिसत होतं. ताबिश होता, डोक्यावर रुमाल बांधलेला. लोक एकेक करून येत होते, चेहऱ्यावरचं कापड बाजूला केलं जात होतं, शेवटचं तोंड बघून माणसं बाजूला होत होती.

गोमाजी आले. खूप वाकले होते. ताबिश पुढे झाला. किती वर्षांनी तो त्यांच्याशी बोलला असेल. "काका, या. तोंड बघून घ्या."

गोमाजी जागचे हलले नाहीत. "नाय पोरा. मी नाय बघत."

"का? अजून राग हाय?"

"राग नाय रे. माज्या मनात तुज्या बापाचं हसतं तोंड हाय, नदीतलं. आता हे बघितलं तर हेच ऱ्हाईल." त्यांनी ताबिशचा हात धरला. "त्याला काय होत व्हता, ते मला आज कळतंय. माज्या हातानं मी त्याचा नूर नेला."

ताबिशनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग त्यानं कापड नीट ओढलं, जनाजा उचलताना पुढचा खांदा रिकामा ठेवला आणि गोमाजींना तिथे उभं केलं.

आता मी रावजीच्या शेडमागे पडलोय. माझे सुटे भाग मिळत नाहीत, भंगारवाला एकदा बघून गेलाय. जायला माझी ना नाही. फक्त तुम्हाला हात जोडून सांगतो, कोणाचा मान करायचा असेल तर आधी त्यालाच विचारा, बाबा, तुला काय चालतं. गोमाजींनी पडवीत बसून एवढंच विचारलं असतं, तर ते दोघं म्हातारे शेवटपर्यंत एकमेकांना शिव्या घालत मला डोंगरावर चढवत राहिले असते.