वडिलांचं नाव घ्या

आमचे अण्णा, म्हणजे नृसिंहगुरुजी, बेलापुरात चाळीस वर्षं श्राद्धं सांगत. श्राद्धात मेलेल्या तीन पिढ्यांची नावं घ्यावी लागतात, आणि पणजोबांपाशी आलं की यजमानाची हमखास बोबडी वळते. मग अण्णाच नाव पुरवायचे. निम्म्या गावाचे पणजोबा त्यांना तोंडपाठ.

मग एकदा त्यांनी एका सराफाला आमच्याच पणजोबांचं नाव पुरवलं. लोक हसले. मीही हसलो, गाढवासारखा.

नगरच्या डॉक्टर दीपाबाईंनी मला समजावलं. "मेंदूत राखणीच्या पेशी असतात, त्याच कचराही उचलतात. काही घराण्यांत वारशानंच असा दोष येतो, की कचरा साचत जातो. मग त्या पिसाळतात आणि चांगल्या पेशींनाही झोडपतात. तुमच्या घरात आधी कुणाला झालंय?"

आजोबा राधाकृष्ण सुनेला आई म्हणायचे. पणजोबा त्र्यंबक नदीवर गेले ते वाट चुकून दूर कोल्हारला सापडले. आम्ही म्हणायचो, साठी बुद्धी नाठी. मी हायस्कुलात विज्ञान शिकवतो, अनुवंशाचे वाटाणे दरवर्षी फळ्यावर काढतो, आणि मला हे दिसलं नाही.

"दोष असला म्हणजे रोग होतोच असं नाही," बाई म्हणाल्या. "तुमचं रक्त पाठवायचं का मुंबईला?"

"नको." मी भ्यालो होतो. बारावीतल्या माझ्या लेकीला, देवश्रीला तर अवाक्षर बोललो नाही.

पितृपंधरवड्यात आजोबांच्या तिथीला अण्णा पाटावर बसले आणि शेजारी बसलेल्या नातीलाच यजमान समजले. तिच्या हातावर पाणी घालत म्हणाले, "वडिलांचं नाव घ्या."

तिनं माझ्याकडे पाहिलं. त्यांचं मन राखायला म्हणाली, "सुहास."

"आजोबांचं?"

"नृसिंह."

स्वतःचं नाव ऐकूनही अण्णा हलले नाहीत. "पणजोबांचं?"

"राधाकृष्ण."

"बरोबर."

जिवंतपणीच मला तिळाचं पाणी मिळालं. खरं सांगतो, त्याचं मला एवढं काही वाटलं नाही.

"आणि तुमचं नाव?" अण्णांनी विचारलं.

"देवश्री."

कित्येक महिन्यांत अण्णांचा सूर इतका खणखणीत लागला नव्हता. त्यांनी ओळीनं नावं म्हटली. राधाकृष्ण, नृसिंह, सुहास, देवश्री.

"तिचं नको!" मी ओरडलो.

देवश्री माझ्याकडे बघतच राहिली. माझ्या ओरडण्यावरून तिला सगळं कळलं होतं, रोग ओळीनं येतो तेही.

अण्णांनी पळी खाली ठेवली आणि अदबीनं मला विचारलं, "आपण कोण?"