तो आळस नव्हता

मित्रांनो, मी एक जुनी आरामखुर्ची आहे. हे नाव सांगताना हल्ली मला अवघडल्यासारखं होतं. सगळं नीट मांडता येईल का, याचीही शंका आहे. आयुष्यभर मी दुसऱ्यांचं वाचन ऐकत आले. स्वतः बोलायची सवय नाही.

मोरवा गावच्या लवू सुतारानं मला सागवानातून घडवलं. लांब हात दिले, पाठीला जाड निळं कापड लावलं. आत्मारामकाकांनी नोकरीतून निवृत्त झाल्यावर मला मीरा रोडच्या घरी आणून खिडकीपाशी ठेवलं. ते माझ्यात बसून पुस्तकं वाचत आणि आवडलेलं पान मनोरमाकाकूंना मोठ्यानं वाचून दाखवत. काकू मात्र कधी बसल्या नाहीत. "मला कुठे वेळ आहे?" म्हणत उभ्याउभ्याच ऐकायच्या. पाहुणे माझ्यात टेकले की "वा!" म्हणत. त्या 'वा'चा मला फार अभिमान होता.

२००५ साली काकूंना स्तनाचा कर्करोग झाला. शस्त्रक्रियेनंतर केमोथेरपी सुरू झाली आणि मी काकूंची झाले. सकाळी बसलेल्या काकू दुपारीही माझ्यातच असत. झोप काढून उठल्या तरी थकलेल्याच. मला वाटे, मी केवढी सेवा करतेय!

काकांची बहीण शालू भाईंदरहून डबा घेऊन यायची.

"वहिनी, आता खुर्चीला मुळं फुटतील हां!"

"फुटू देत. पाणी तू घाल."

दोघी हसल्या. शालू आत गेली, तसं काकूंचं हसू मावळलं.

"अहो, हा थकवा डॉक्टरांच्या कानावर घालायचा का?" त्यांनी काकांना विचारलं.

"थकवा तर येणारच. उगाच बोललीस आणि त्यांनी औषध थांबवलं म्हणजे? मनाला जरा उभारी दे."

मलाही ते पटलं. खरं सांगते, काकू आळसावल्यात असंच मी धरून चालले होते.

एकदा काका गॅसवर दूध ठेवून, "वर आलं की बंद कर," असं सांगून भाजीला गेले. दूध चढू लागलं. काकूंनी माझे हात घट्ट धरले, अर्ध्या उठल्या आणि पुन्हा कोसळल्या. दूध उतू गेलं, ज्योत विझली, घरभर गॅसचा वास पसरला. तेवढ्यात काका आले. त्यांनी धावत जाऊन गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या.

"चार पावलांवर तर होतं! मनू, जगायचंच नाही का तुला?"

"जगायचंय हो. पाय उचलत नाहीत."

पुढच्या खेपेला हॉस्पिटलात काकूंनी, काकांकडे न बघता, डॉक्टरांना सगळं सांगून टाकलं. घरी आल्यावर त्या माझ्या पाठीला धरून उभ्या राहिल्या.

"काय म्हणाले?" शालूनं विचारलं.

"म्हणाले, आधी का नाही बोललात? रक्त तपासलं, फारच उतरलंय. या औषधानं हाडांच्या आतल्या मज्जेत तांबड्या पेशी कमी तयार होतात, मग अंगाला प्राणवायू पुरत नाही. शिवाय रोगानं आणि औषधानं शरीरात दाह होतो. त्यातून जी द्रव्यं निघतात, त्यांचा परिणाम मेंदूवर होतो आणि ताप आल्यासारखं गळून जायला होतं. असा थकवा नुसत्या झोपेनं जात नाही."

"आणि मी मेली तुझी चेष्टा करत होते!"

"त्यात दिवसभर या खुर्चीत पडून पायांचे स्नायू आणखी झिजले."

मी आतून चरकले. जिला मी सेवा समजत होते, तिनंच काकूंचे पाय लुळे केले होते.

काकूंना रक्त दिलं. औषध थांबलं नाही. डॉक्टरांनी सांगितलं तसं त्या रोज थोडं थोडं घरातच चालू लागल्या. काका कोपर धरून बरोबर असत.

"बसायचं का?" त्या विचारत.

"दमलीस?"

"मी नाही. तुम्हाला धाप लागलीय."

थकवा पुरता गेला नाही, पण दाराशी उभं राहून शेजारणीशी भांडण्याइतकी ताकद आली. काका कधी माझ्यात बसले, तरी पुस्तक मिटूनच ठेवत. एकदा पुटपुटले, "मी तिला मनाची उभारी शिकवत होतो." मीही तेव्हा त्यांच्याच बाजूची होते.

मित्रांनो, घरातलं आजारी माणूस थकलं, तर त्याला बसायला जरूर द्या. पण तेवढ्यावर थांबू नका. कधीपासून थकवा आहे, कसा आहे, हे विचारा आणि डॉक्टरांना सांगा. मी फक्त धरून ठेवू शकते. विचारणं मला जमत नाही, तुम्हाला जमतं.