अध्यक्षसाहेबांचा उसासा

आपल्याला व्हिएन्नाला धाडणार असं नागुमो तेइजींना कळलं, तेव्हा ते तळघरात उभे राहून एक सलगम हुंगत होते.

तळघर म्हणजे जपानातल्या कानाझावा शहरातल्या किनुगासाया या सात मजली दुकानाचं तळघर. वर कापड होतं, किमोनो होते, दागिने होते, गच्चीवर पोरांसाठी फिरते लाकडी घोडेही होते. पण गिऱ्हाइकाचे पाय आपोआप वळत ते खाली. खालचा सगळा खाण्यापिण्याचा विभाग नागुमोंच्या ताब्यात होता. चहाच्या डब्यांपासून बटाट्याच्या कटलेटांपर्यंत तिथली एकही वस्तू नागुमोंनी चाखल्याशिवाय मांडली जात नसे, आणि हे त्यांच्या पोटाकडे पाहून कुणालाही पटे.

कार्यकारी संचालक इगाराशी सहसा तळघरात उतरत नसत. त्यांच्या सुटाला लोणच्याचा वास लागतो अशी त्यांची तक्रार होती. त्या दिवशी ते उतरले, नागुमोंना पिंपांच्या आडोशाला घेऊन गेले आणि हळू आवाजात म्हणाले, "हे अजून अधिकृत नाही. व्हिएन्ना शाखेचे पहिले व्यवस्थापक तुम्ही. पाच वर्षं. अभिनंदन."

किनुगासायात अधिकृत गोष्टीवर चर्चा तरी होऊ शके. अनधिकृत गोष्ट झाली म्हणजे झालीच. तिच्यापुढे नुसतं वाकायचं. नागुमो वाकले. हातातला सलगमही त्यांच्याबरोबर वाकला.

इगाराशी वर गेल्यावर नागुमो पिंपावर बसले. नेमका हाच हिवाळा सापडला का यांना? गेले तीन हिवाळे ते ओनो बंदरावरच्या हामाया कियो नावाच्या म्हातारीच्या दारात खेटे घालत होते. सलगमाच्या जाड चकतीत हिवाळ्यातला चरबीदार मासा भरून, आंबवलेल्या भातात मुरवून ही बाई जे काही करी, ते खाल्ल्यावर माणूस थोडा वेळ बोलत नसे. मात्र दुकानांना माल द्यायचा नाही, हा तिचा हट्ट. पहिल्या वर्षी तिने दार उघडलं नाही. दुसऱ्या वर्षी उघडलं, पण आत घेतलं नाही. तिसऱ्या वर्षी चहा दिला आणि म्हणाली, "देते. पण विकायला तू स्वतः उभा राहशील तर. तुझ्या त्या रंगवलेल्या ओठांच्या पोरींच्या हातात माझा माल देणार नाही. तू दिसला नाहीस की त्याच दिवशी पिंप उचलून घरी."

पहिलं पिंप डिसेंबरात यायचं होतं. आणि नागुमोंनी पाच वर्षं व्हिएन्नात जाऊन काय विकायचं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

घरी त्यांनी ही बातमी दिली तेव्हा फुमिको, म्हणजे त्यांची बायको, भाजी चिरत होती. ती म्हणाली, छान आहे, रेडिओवर जर्मन भाषेचे धडे लागतात, उद्यापासून ऐकायला घ्या. आपल्याला जायचं नाही असं नागुमोंनी सांगितल्यावर तिने सुरी खाली ठेवली.

"अहो, मग तसं सांगा ना त्यांना."

"असं सांगता येत नाही."

"का?"

"अजून अधिकृत नाही ना."

फुमिकोने सुरी पुन्हा उचलली. तीस वर्षांच्या संसारात नवऱ्याच्या दुकानाविषयी दुसरा प्रश्न विचारायचा नसतो एवढं ती शिकली होती.

नागुमोंनी मग आपल्या परीने शोध घेतला, की हे व्हिएन्ना आलं कुठून. येन वधारल्यापासून जपानातलं प्रत्येक मोठं दुकान परदेशात शाखा काढत सुटलं होतं, हे खरं. किनुगासायाच्याही हाँगकाँगला आणि सिंगापूरला शाखा होत्या. मूळ पुरुषाने पाठीवर रेशमाचे तागे बांधून बर्फातून गावोगाव फेरी मारली, तीच वाट पुढे समुद्रापार गेली, असं दुकानाच्या माहितीपत्रकात छापलेलं होतं. मूळ पुरुषाला समुद्राची धास्ती होती हे छापलेलं नव्हतं. पण व्हिएन्नाच का, हे विचारलं की जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवी. हिशेबवाले म्हणाले, नियोजनाला विचारा. नियोजनवाले म्हणाले, आम्हाला वरून आलं. वरचे म्हणाले, खालून फार उत्साह आहे. प्रस्तावाच्या कागदावर झाडून सगळ्यांचे शिक्के उमटले होते, आणि रीतीप्रमाणे प्रत्येक शिक्का आपल्या वरच्याच्या शिक्क्याकडे किंचित कलून, अदबीने वाकलेला होता. इतक्या वाकलेल्या कागदाला उभा प्रश्न कोण विचारणार?

शेवटी धागा सापडला तो अध्यक्षांच्या चिटणिसाकडे. गेल्या शरदात अध्यक्ष किनुगासा योहेइ पत्नीला घेऊन युरोपात गेले होते. व्हिएन्नात, एका मोठ्या चौकात, पावसाची भुरभुर चालू असताना एक्याऐंशी वर्षांचे अध्यक्षसाहेब थांबले, त्यांनी चारही दिशांना पाहिलं, दीर्घ उसासा टाकला आणि म्हणाले, "इथे आपलं दुकान असतं तर किती बरं झालं असतं."

बस. चिटणिसाने ते इगाराशींच्या कानावर घातलं. इगाराशींनी नियोजनाला नुसतं एवढंच म्हटलं, की साहेबांच्या मनात युरोप आहे. नियोजनाने त्या एका वाक्यावरून जागा शोधली, भाडं ठरवलं, संगमरवराचे नमुने मागवले. अध्यक्षांपुढे कागद गेला तेव्हा सगळे शिक्के पाहून त्यांनीही आपला उमटवला.

नागुमो इगाराशींकडे गेले आणि फार आडवळणाने म्हणाले, की एकदा अध्यक्षसाहेबांनाच विचारून पाहिलं तर?

इगाराशींचा चेहरा असा झाला, जणू नागुमोंनी दुकान पेटवून पाहू या असं सुचवलं होतं. "विचारायचं?" ते म्हणाले. "म्हणजे त्यांच्या मनातलं आपल्याला ओळखता आलं नाही, हे त्यांच्या तोंडावर सांगायचं? नागुमोसान, तुम्ही फार दिवस तळघरात राहिलात. वरची हवा लागू द्या जरा. व्हिएन्नाची चांगली असते म्हणतात."

नागुमोंनी हात टेकले. पुढचे काही आठवडे ते चिडचिडे झाले. कटलेट खारट लागलं, वड्या गोड लागल्या, आणि रेडिओवरची जर्मन बाई 'स्टेशन कुठे आहे' हे पुन्हा पुन्हा विचारू लागली तेव्हा त्यांनी तिला जपानीत उत्तर दिलं. दरम्यान माशाची वर्दी देणारा हिवाळी गडगडाट समुद्रावर सुरू झाला, मासा किनाऱ्याला आला, आणि एका सकाळी कियोबाईचं पहिलं पिंप हातगाडीवरून तळघरात उतरलं. मागोमाग बाई स्वतः. तिने काउंटर पाहिलं, नागुमोंकडे पाहिलं आणि विचारलं, "तुझा चेहरा असा का नासलाय?"

नागुमोंनी खरं सांगितलं. बाहेरच्या माणसाला सांगता येतं, म्हणून सांगितलं. म्हातारीने सगळं ऐकून घेतलं आणि पिंपाचा दोर पुन्हा आवळायला घेतला.

"थांबा हो आजी. अजून अधिकृत नाही."

"मग माझं पिंप तरी अधिकृत कुठंय?" ती म्हणाली आणि गाठ मारू लागली.

एवढ्यात अध्यक्षसाहेब आले. दुकान उघडण्याआधी रोज तळघरातून एक फेरी मारायची, काहीतरी चाखायचं, 'हं' म्हणायचं आणि वर जायचं, हा त्यांचा जुना शिरस्ता. बरोबर कुणी नसे. इगाराशींना वास चालत नव्हता. अध्यक्षांनी पिंप पाहिलं आणि त्यांचे डोळे मोठे झाले. कियोबाईने दोर सैल केला, एक चकती कापली, टोचणीला लावली आणि पुढे केली. अध्यक्षांनी ती तोंडात टाकली. थोडा वेळ ते बोलले नाहीत. 'हं'सुद्धा म्हणाले नाहीत.

या शांततेतच नागुमोंचा तोल गेला. नोकरीला लागल्यापासून जे त्यांनी कधी केलं नव्हतं, ते त्यांनी केलं. सरळ विचारलं.

"साहेब, व्हिएन्नात दुकान हवं असं तुम्हाला का वाटलं?"

अध्यक्षांनी घास गिळला. आजूबाजूला पाहिलं. मग नागुमोंच्या कानाशी येऊन म्हणाले, "मला लघवीला लागली होती रे."

कियोबाईने ऐकलं तर नाही ना, हे नागुमोंनी मागे वळून पाहिलं.

"एवढं मोठं शहर, पण शिरायचं कुठे? हॉटेलात शिरावं तर कॉफी घ्यावी लागते, कॉफी घेतली की पुन्हा तेच. आपल्याकडे कसं, कुणीही यावं, सरळ वर जावं, काही विकत न घेता मोकळं होऊन जावं. शिरताना दारातल्या बायका वाकून स्वागत करतात ते वेगळंच. तेव्हा वाटलं, इथे आपलं दुकान असतं तर." त्यांनी दुसऱ्या चकतीकडे नजर टाकली. "नंतर बघतो तर तुम्ही लोक नकाशे घेऊन धावताय. तुमचा एवढा उत्साह, म्हटलं पाणी कशाला ओता. तुम्हाला सगळ्यांना जायचंय ना तिकडे?"

"नाही साहेब."

"कुणालाच?"

"माहीत नाही. कुणी कुणाला विचारलेलं नाही."

अध्यक्ष खिन्न झाले. म्हणाले, हाँगकाँगचंही असंच झालं होतं. तिथल्या एका शिंप्याने आपल्या रेशमाला नावं ठेवली म्हणून ते फक्त म्हणाले होते, की याला एकदा आपलं कापड दाखवायला हवं. सिंगापुरात तर उकाड्याने घामाघूम होऊन एवढंच बोलले होते, की कुठेतरी गार हवेत दोन घटका हिंडायला मिळालं पाहिजे. पुढच्या वर्षी तिथे जी पाच मजली गार इमारत उभी राहिली, तिच्या फितीसमोर कात्री हातात घेऊन उभं असताना आपण काय करतोय हे त्यांना नीट कळलं नव्हतं. परवा माहितीपत्रकात वाचलं, तेव्हा समजलं की ती दूरदृष्टी होती.

"मग नको म्हणा ना साहेब," नागुमो म्हणाले.

"असं कसं म्हणू? इतके शिक्के बसलेत. सगळ्यांची तोंडं पडतील." म्हाताऱ्याचा मुद्दा रास्त होता, आणि त्याचाच नागुमोंना सगळ्यात जास्त संताप आला.

इतका वेळ गप्प असलेली कियोबाई सुरी पुसत म्हणाली, "उसाशाने आणलं ना? मग उसाशानेच घालवा. मला उगाच इथं ताटकळत ठेवू नका."

मग दोन सकाळी, लोणच्याच्या पिंपांमागे, किनुगासाया दुकानाच्या अध्यक्षांची तालीम झाली. वाक्य ठरलं: व्हिएन्ना फार लांब आहे, नाही? त्याआधी उसासा. पहिला उसासा इतका आखूड झाला, की तो नाक चोंदल्यासारखा वाटला. दुसरा इतका लांब, की नागुमो म्हणाले, साहेब, एवढ्याला ते डॉक्टर बोलावतील. तिसरा जमला.

मंगळवारच्या सभेत अध्यक्षांनी खिडकीबाहेरच्या बर्फाकडे पाहिलं, बेताचा उसासा टाकला आणि म्हणाले, "व्हिएन्ना फार लांब आहे, नाही?"

संगमरवराचे नमुने घेऊन बसलेल्या नियोजनवाल्याने ते हळूच टेबलाखाली सरकवले. इगाराशींचा चेहरा उतरला. तो उतरलेला चेहरा अध्यक्षांनी पाहिला, आणि त्यांना दया आली. तालमीत नसलेलं वाक्य त्यांच्या तोंडून निघून गेलं.

"म्हातारपणी आपली ऊबदार जागा बरी."

दुपारी इगाराशी तळघरात उतरले. त्यांनी नागुमोंना पिंपांच्या आडोशाला नेलं. हे अजून अधिकृत नाही, पण व्हिएन्नाचा विचार आणखी अभ्यासासाठी मागे ठेवला असून आता होनोलुलूचं नक्की झालंय, असं ते म्हणाले. समुद्र, ऊन, पर्यटक. साहेबांच्या मनात पॅसिफिक आहे. आणि परदेशी जाण्याची मानसिक तयारी नागुमोंइतकी दुसऱ्या कुणाची झालेली नसल्याने पहिले व्यवस्थापक अर्थात तेच.

काउंटरपलीकडे कियोबाई उभी होती. तिचा हात दोराकडे गेला.

बोलावं, ओरडावं, सलगम फेकून मारावा, असं सगळं नागुमोंच्या मनात एकदम आलं. पण पिंपांमागच्या दोन सकाळी वाया गेल्या नव्हत्या. नागुमोंनी वर पाहिलं, खाली पाहिलं, आणि बेताचा, ना आखूड ना लांब, असा एक उसासा टाकला.

"साहेबांना हा सलगम फार आवडलाय," ते जणू स्वतःशीच बोलले. "हल्ली रोज येतात. माझ्याच हातचा लागतो. या वयात, ऐन हिवाळ्यात, रोजची सवय मोडली तर..."

वाक्य त्यांनी तिथेच सोडून दिलं.

इगाराशींनी ते अर्धं वाक्य दोन्ही हातांनी घ्यावं तसं घेतलं. डोळे मिटले. मान हलवली. आपल्याला सगळं समजलं, अधिक बोलण्याची गरज नाही, असं दाखवून ते जिन्याने वर गेले. किती समजलं याचा अंदाज नागुमोंना तेव्हा आला नव्हता.

तो नववर्षाच्या आदल्या आठवड्यात आला. दुसरा तितका ज्येष्ठ आणि तितका तयार माणूस न सापडल्यामुळे होनोलुलू शाखेचे पहिले व्यवस्थापक म्हणून खुद्द इगाराशी जाणार, असं ठरलं. प्रस्तावावर सगळ्यांचे शिक्के होते, नेहमीसारखे वाकलेले. असं म्हणतात, की स्वतःचा शिक्का मारताना इगाराशींचा हात बराच वेळ हवेत राहिला होता. पण त्यांना कुणी काही विचारलं नाही.

तळघरात काउंटरमागे नागुमो उभे होते, बाह्या वर करून. दुकानाच्या बंद दाराबाहेर शेपटीसारखी रांग. कियोबाई एका स्टुलावर बसून त्यांचं कापणं पाहत होती आणि चकत्या पातळ होताहेत म्हणून कुरकुरत होती. दुकान उघडायच्या आधी अध्यक्ष आले, त्यांनी एक चकती खाल्ली. मग नागुमोंच्या कानाशी झुकले.

"काय रे नागुमो," त्यांनी विचारलं, "हे होनोलुलू कुणाच्या डोक्यातून निघालं?"

नागुमोंनी त्यांच्यासाठी आणखी एक चकती कापली. या वेळी जाड.