दर्शनी बाजूने कापलेले दार

जावयाने प्लायवूडचे दार पालथे केले, पाठीवर चिकटपट्टी दाबून बसवली आणि काटकोनी गुण्या धरून तिच्यावर चौकोन आखला. सकाळचे साडेआठ वाजले होते. धारदार सुरीने त्याने रेघ दोनदा कोरली, कोपऱ्यांत ड्रिलने भोके पाडली, खाली टाकाऊ फळी घेऊन शिकंजे आवळले. जिगसॉच्या, म्हणजे विजेच्या हातकरवतीच्या, पात्याचे दात वर येताना चावतात. म्हणून दर्शनी बाजू खाली ठेवायची, कुसळे निघालीच तर पाठीवर निघतील. बारा वर्षांपूर्वी हे सारे त्याला सासऱ्यांनी शिकवले होते.

सासरे कोपऱ्यात स्टुलावर बसून फळ्यांच्या कडा पॉलिशपेपरने घासत होते. आठ दिवसांत त्यांनी यंत्राला हात लावला नव्हता.

मागच्या आठवड्यात शाळेच्या कपाटांची आठ दारे करायची होती. प्रत्येकात हवेच्या जाळीसाठी चौकोनी खिडकी. दोघांनी चार-चार कापली. शेवटच्या दाराला जावयाला घाई झाली. ना दार पालथे केले, ना रेघ कोरली. सरळ दर्शनी बाजूनेच पाते घातले. कड उंदराने कुरतडल्यासारखी निघाली. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिका ते दार परत घेऊन आल्या, तेव्हा सासऱ्यांनी कडेवरून बोट फिरवले आणि मग स्वतःच्या हाताकडेच पाहत राहिले.

"माझ्याच हातून झालं असणार," ते म्हणाले होते.

जावई तेव्हा टेबलावरचा भुसा झाडत होता. तो झाडतच राहिला.

"मामा, या बदली दाराची खिडकी तुम्ही कापता का?" आज त्याने विचारले. सासऱ्यांना तो मामा म्हणे.

"नको रे बाबा. जावईबापूंच्या राज्यात म्हाताऱ्याला बसून काम मिळतंय, वाईट काय?" सासरे हसले. "तेही महिनाअखेर बंद करीन म्हणतो. तुमच्या सासूबाई म्हणतात, घरी बसा, निदान भांडायला तरी कुणी असेल."

जावयाला हसू आले नाही. त्याने यंत्र चालू केले. पाते रेघ धरून गेले. कडेवरून फिरवलेला अंगठा कुठेच अडकला नाही.

दहा वाजता मुख्याध्यापिका आल्या. त्यांनी दार उजेडात धरून पाहिले.

"तुमच्या जावयांचा हात काय साफ आहे हो," त्या सासऱ्यांना म्हणाल्या. "वेळेवर त्यांच्यावर सोपवलंत, बरं केलंत."

सासऱ्यांनी मान डोलावली आणि हातातला पॉलिशपेपर आणखी एकदा दुमडला.

जावयाने दार बांधायला घेतलेली सुतळी खाली ठेवली.

"बाई, ते बिघडलेलं दार मी कापलं होतं. मामांनी नाही. घाईत उलटं काम केलं आणि वर गप्प बसलो. मामांची चारही दारं तुमच्या शाळेत बसली आहेत, हात लावून बघा."

मुख्याध्यापिकांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिले, "बरं" म्हटले, आणि दार काखेत धरून त्या निघून गेल्या.

सासऱ्यांनी पुढची कड घासायला घेतली. मग पॉलिशपेपर खाली ठेवला.

"आठ दिवस," सासरे म्हणाले, "मी घरी साधी काकडी चिरली नाही. हिच्याकडून चिरून घेतोय."

जावयाने पुढच्या कामाची फळी टेबलावर पालथी घातली, पट्टी लावून चौकोन आखला, रेघ कोरली, भोके पाडली. जिगसॉ फळीवर ठेवून त्याची मूठ सासऱ्यांच्या दिशेला वळवली आणि पलीकडे जाऊन दोन्ही हातांनी फळीची टोके दाबून धरली.

सासरे उठले नाहीत. जावई फळी धरून उभा राहिला.