हिरवा फाळका

माझ्या गाडीला मी रंग दिला तो १९८४ साली, आणि त्या रंगापायी एक अख्खं गाव जंगलात पळालं. हे सांगितलं की लोक हसतात. मीही हसतो, पुढचं सांगायचं नसलं की.

बारा वर्षं मी चंद्रपूरला दुसऱ्यांचे कोळशाचे ट्रक चालवले. मग एका मालकानं आपला म्हातारा झालेला टाटा विकायला काढला आणि तो मी घेतला. कांतानं, म्हणजे माझ्या बायकोनं, गळ्यातलं मोडून दिलं. आमच्या घराण्यात तोवर मालकीचं चाक म्हणजे सायकलचं, तेही बहुतेक वेळा पंक्चर. गाडी गडचिरोलीला दारात आणून उभी केली तेव्हा अख्खी वस्ती पाहायला आली. गाडी आतून-बाहेरून काळी कुळकुळीत होती. हात लावला की हात काळा.

तेंदूपत्त्याच्या एका ठेकेदारानं धानोऱ्याकडच्या फडाचं काम द्यायचं कबूल केलं. उन्हाळ्यात जंगलातून विडीचा पत्ता तोडून आणायचा, गावाबाहेरच्या फडावर वाळवायचा, बोऱ्यांत भरायचा आणि पावसाच्या आत गोदामात पोचवायचा, असा तो धंदा. पण ठेकेदारानं गाडी पाहिली आणि नाक मुरडलं.

"कोळशाच्या गाडीत मी पत्ता भरत नाई. रंग देऊन आण, नाईतर गाड्या लय हायेत," तो म्हणाला.

हा हंगाम हुकला असता तर गाडी पावसाळाभर दारात उभी राहिली असती, मग विकली गेली असती आणि मी पुन्हा कुणाच्या तरी गाडीवर नोकर. एवढं सरळ होतं ते.

चंद्रपूरच्या पेंटरनं जो भाव सांगितला तो ऐकून मी समोरचा चहा तसाच ठेवून उठलो. उठलो तो थेट भंगारबाजारात गेलो. तिथं कुठल्याशा सरकारी लिलावातले पाच डबे होते. झाकणं गंजलेली, आतला रंग गडद हिरवा, वर साय धरलेली. कुठून आले हे मी विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही. कांताला निळा हवा होता. नुकतीच जयंती झाली होती आणि वस्तीच्या कमानीचा निळा तिच्या डोळ्यांत भरला होता. "निळा पुढच्या वर्षी," मी म्हणालो. नवरे लोक पुढच्या वर्षावर किती काय काय ढकलतात!

मग आम्ही दोघांनी गाडी वैनगंगेच्या काठावर नेली. धुण्याचा सोडा, तणसाचे बोळे आणि आमचे चार हात. तीन दिवस नुसतं घासलं. रंग घट्ट होता, म्हणून त्यात घासलेट मिसळलं. ब्रश दोन. केबिन मी घेतली, मागची बॉडी तिनं. ती मधेच गाणं म्हणायची, मी शेवटची ओळ चुकीची म्हणायचो आणि ती ब्रश उगारून धावायची. भाकरीला घासलेटचा वास यायचा. तिच्या नाकाच्या शेंड्याला हिरवा ठिपका लागला होता, तो आठवडाभर निघाला नाही. पुढं आम्ही पक्कं घर बांधलं, पोरांची लग्नं केली. पण नदीकाठच्या त्या दिवसांइतका सुखी मी पुन्हा झालो नाही.

रंग वाळल्यावर कांतानं लांब जाऊन गाडी पाहिली. "पोलिसायची गाडी दिसून राह्यली," ती हसत म्हणाली.

मला ते आवडलं, खोटं कशाला सांगू. आणि पहिल्याच फेरीला जंगलनाक्यावरच्या गार्डनं मला न थांबवता दांडा वर केला, वर सलाम ठोकला. ज्या माणसाला बारा वर्षं प्रत्येक नाक्यावर खाली उतरून हात जोडावे लागले, त्याला सलाम! मी छाती फुगवून पुढं निघालो.

गाव धानोऱ्याच्या पुढं कच्च्या रस्त्यानं होतं. नाव सांगत नाही, तिथं अजून माणसं राहतात. मी पोचलो तेव्हा गावात कुणीच नव्हतं. चुलीवर आंबील उकळत होती. एका अंगणात मोहफुलांचं सूप अर्धवट पाखडून टाकलेलं. कुत्रीसुद्धा गेली होती. फडावर बोऱ्यांची थप्पी लागलेली आणि तिच्यापाशी एकटा मुनशी. ठेकेदाराचा हिशेबनीस तो, पांढऱ्याशुभ्र धोतरातला. तो माझ्यावर खेकसलाच.

"कोणता रंग लावून आणला बे? लोकायले वाटलं सरकारी गाडी आली. सारे जंगलात पयाले! आता बोरे कोण भरन, तुहा बाप? दिवस बुडाच्या आत गाडी भरली नाई त मी उद्या अहेरीची गाडी बलावतो."

बाप काढला म्हणून दोन शब्द सुनावायचे होते, ते गिळून मी थप्पीतले बोरे मोजायला लागलो.

तेवढ्यात गावाकडून एक म्हातारी येताना दिसली. सगळं गाव पळालं आणि ही गाडीकडे येत होती, काठी टेकत, जमेल तितक्या घाईनं. डोक्याला तेल, अंगावर धुतलेलं लुगडं, काखेत गाठोडं. माझ्याकडे तिनं पाहिलंही नाही. ती सरळ मागं गेली, फाळक्याला, म्हणजे गाडीच्या मागच्या फळीला, धरून टाचा उंच केल्या आणि आत पाहिलं.

"लालसू?" तिनं हाक मारली.

गाडी रिकामी होती. ती दुसऱ्या कोपऱ्याला गेली, तिथूनही पाहिलं.

"बाबू, लालसूले नाई आणलं?"

मुनशीनं मान फिरवली. मग हळू आवाजात सांगितलं, की ही सोमारी. दोन वर्षांपूर्वी सागाचं लाकूड तोडल्याच्या आळावरून पोलिसांनी अशाच हिरव्या गाडीत तिच्या पोराला घालून नेलं होतं. तेव्हापासून हिरवी गाडी आली की गाव पळतं आणि ही पुढं येते. गाठोड्यात त्याचा सदरा असतो.

सकाळचा तो सलाम आठवून मला माझीच लाज वाटली. मी तिला सावलीत बसवलं, पाणी दिलं. "आजी, मी सरकार नाई. मी ड्रायवर हावो, पत्ता न्याले आलो," मी म्हणालो. ती उठली आणि जंगलाकडे तोंड करून तिनं गोंडीत हाक दिली. हळूहळू झाडांआडून माणसं निघाली. पण गाडीपासून पन्नास पावलांवर थांबली. गावचा पाटील कोलू पुढं आला.

"भाऊ, तू चांगला असशीन. पण ह्या रंगाच्या गाडीले आमचा कोणी हात नाई लावणार. रंग बदल."

"रंग काय टोपी हाये, काढून ठेवाले?" मी चिडलो. "पाच डबे लावले न मी! दुसरा आणू कुठून?"

कोलूनं एका बाईला गोंडीत काहीतरी सांगितलं. ती घरातून टोपलंभर पांढरी माती घेऊन आली, भिंती सारवायची. दुसरीनं धावड्याचा डिंक आणला, बाजारात विकायला ठेवलेला. गरम पाण्यात डिंक विरघळवून मातीत कालवला की ती हाताला लागत नाही, पहिल्या पावसापर्यंत तरी टिकते. आणि आमचा हंगाम पावसापर्यंतचाच होता! मला हे बारा वर्षांत सुचलं नसतं. मी मुनशीच्या धोतराकडे पाहिलं.

"मुनशीजी, धोतराची नीळ कुठी ठेवता?"

तो नाही-नाही म्हणत होता, पण थप्पीकडे पाहून त्यानं निळीचा डबा काढून दिला. मातीत नीळ पडली आणि जयंतीच्या कमानीसारखा नाही, पण आभाळासारखा फिका निळा तयार झाला. झाडाच्या फांद्या ठेचून कुंचे केले. आधी कोलूनं एक हात मारला. मग बाया आल्या, मग पोरं, मग सगळेच. ज्या गाडीला कुणी शिवत नव्हतं तिच्यावर आता जागेवरून भांडणं लागली. मला कांताची फार आठवण आली.

सोमारी तेवढी बसून पाहत होती. रंग फाळक्यापर्यंत आला तशी ती उठली आणि फाळक्याला पाठ लावून उभी राहिली.

"इथी नोको," ती म्हणाली. "सारी निळी केली त लालसू ओळखन कसा? तो हिरव्या गाडीत गेला. हिरव्यातच येईन."

कुणी तिला समजावलं नाही. मीही नाही. फाळका हिरवाच ठेवला.

दिवस बुडायच्या आत गाडी भरली. हंगाम मिळाला, गाडी टिकली. पुढच्या वर्षी कांताचा खरा निळा तेलरंग आला, पण फाळका मी हिरवा ठेवला. दरवर्षी फडावर पोचलो की सोमारी यायची, टाचा उंच करून आत पाहायची, माझ्या हातचा चहा प्यायची आणि जायची.

पाचव्या वर्षी ती आली नाही. हिवाळ्यात गेली, असं कोलूनं सांगितलं. बोरे भरणाऱ्यांत एक नवा माणूस होता, हाडकुळा, केस पिकलेले, बोलायला कमी. तो एकेक बोरा पाठीवरून आणून गाडीत टाकत होता. शेवटी फाळका लावायला आला आणि त्यावर हात ठेवून थांबला.

"भाऊ, सारी गाडी निळी, एवढंच हिरवं काऊन ठेवलं?"

मी कोलूकडे पाहिलं. त्यानं माझ्या कानाशी येऊन सांगितलं. हा लालसू होता. तुरुंगातून सुटून पायी आला होता, आई गेल्यावर दोन महिन्यांनी.

"रंग पुरला नाई," मी म्हणालो.

त्यानं मान डोलवली, फाळक्याच्या कड्या लावल्या आणि बाजूला झाला. मी गाडी काढली. त्याला खरं सांगायला हवं होतं, हे मला पहिल्या वळणावरच कळलं होतं, पण मी गाडी थांबवली नाही.